काय आधी, काय नंतर?



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, ते फळ्यावर उदाहरण लिहून प्रथम विचारीत, ‘‘यातले काय आधी, काय नंतर?’’ महासंगणकाच्या भाषांविषयी बोलतानाही मला त्याच प्रश्नाकडे यावे लागते.

आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर त्यात एकमेकांना जोडलेले होते. त्यानंतरच्या ‘परम ८६००’ मध्ये प्रत्येक घटकात इंटेलचा एक आय-८६० आणि चार ट्रान्सप्युटर एकत्र आले. दोन जातींच्या प्रोसेसरांचे ते संयुक्त कुटुंब होते. मात्र आज्ञावली लिहिण्याची ‘पारस’ ही व्यवस्था दोन्ही यंत्रांना एकच ठेवली होती. त्यामुळे जुन्या यंत्रासाठी केलेले काम नव्यावर नेता आले. माझ्या मते ही दूरदृष्टी यंत्राच्या वेगाइतकीच मोलाची होती. यंत्र काही वर्षांत जुने होते. आज्ञावलीत साठलेले माणसांचे श्रम मात्र कित्येक दशके टिकावे लागतात.

माणसाच्या भाषेतली आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. त्याच्या मर्यादा आय-८६० ने चांगल्याच दाखवून दिल्या. त्याचा कागदावरचा वेग मोठा होता. पण त्याचे सर्व विभाग सतत कामात ठेवतील अशा क्रमाने आज्ञा रचणे कंपायलरांना जमत नसे आणि त्या वेगाचा थोडाच भाग प्रत्यक्षात हाती येई.

असे का होते? चाळीस खात्यांचे व्याज काढायचे असेल, तर चाळीस जण एकाच वेळी बसू शकतात. पण एकाच खात्याचे दहा वर्षांचे चक्रवाढ व्याज वर्षावर वर्ष रचत काढायचे, तर उरलेले एकोणचाळीस जण हात बांधून बसतील. कोणते काम पहिल्या प्रकारचे आणि कोणते दुसऱ्या, हे कंपायलरला पुष्कळदा ओळखता येते. पण जेथे शंका असेल, तेथे तो बिचारा क्रमच पाळतो. म्हणूनच ट्रान्सप्युटरसाठी घडवलेल्या ऑकम भाषेत कोणती कामे क्रमाने आणि कोणती एकाच वेळी करायची, हे लिहिणाऱ्यालाच सांगावे लागे. व्याजाचा दर स्थिर असेल, तर चक्रवाढीचे सूत्र लावून मधली वर्षे ओलांडता येतात. परंतु ते सूत्र सुचणे हे माणसाचे काम आहे.

२०२० साली सी-डॅकच्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये साध्या प्रोसेसरांच्या जोडीला मूळ चित्रांसाठी जन्मलेले ग्राफिक प्रोसेसर आले. कुटुंब पुन्हा मिश्रच. एनव्हिडिया कंपनीने २००७ मध्ये आणलेली ‘कूडा’ ही व्यवस्था अशा प्रोसेसरांचे काम सोपे करते. पण तीत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवर जशीच्या तशी चालत नाही. म्हणजे यंत्र विकत घेताना आपण नकळत भाषेचेही बंधन विकत घेतो.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्रे घडवा आणि चालवाही. पण तुमच्यापैकी काहींनी तरी कंपायलर रचण्याचे कष्टाचे, नावलौकिक न देणारे काम हाती घ्यावे. भाषा दुसऱ्याची राहिली, तर यंत्र आपले होऊनही अर्धेच आपले असते.

गुरुजींचा तो प्रश्न आज तुमच्या हाती सोपवतो आणि आपली रजा घेतो.