घर कोठे करावे?

(कोपरखैरणे येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



लग्नसराई आटोपली, दहावी-बारावीचे निकाल लागले की कोपरखैरण्यातील अनेक घरांत एकच विषय निघतो. मुलाला नोकरी लोअर परळला किंवा अंधेरीला लागलेली असते आणि कितीही लहान का असेना, जागा तिकडेच पाहावी असे त्याला वाटते. वडिलांचे म्हणणे, इकडेच घणसोलीला नाहीतर पनवेलच्या बाजूस घर घ्यावे. आजोबा मात्र साताऱ्याचा विषय काढतात. हवा चांगली, पाणी चांगले, माणसे आपली. तिघांचेही हिशेब आपापल्या जागी खरे असतात. परंतु या चर्चेत घराचा दर, कर्जाचा हप्ता आणि गाडीला लागणारा वेळ एवढेच मोजले जाते. ज्या भूमीवर बसून ही चर्चा चालते, ती भूमीच या प्रश्नाचे उत्तर म्हणून एकदा आखली गेली होती, हे सहसा कोणाच्या ध्यानी नसते.

१९६५ हे वर्ष त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, २२ ते २५ तारखांना, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईत चार व्याख्याने देऊन एकात्म मानव दर्शनाची मांडणी केली. मनुष्य म्हणजे केवळ पोट नव्हे; शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा या चारांचा मिळून तो होतो, आणि व्यक्तीपासून समष्टीपर्यंत, समष्टीपासून सृष्टीपर्यंत एकच धागा आहे, हा त्या विचाराचा गाभा. त्याच वर्षी, त्याच मुंबईत चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघा स्थापत्यज्ञांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून एक योजना मांडली: मुंबई उत्तरेकडे लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे, पूर्वेला नवे शहर वसवावे. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तथापि दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच होता. माणसाने वस्तीच्या मापाचे व्हायचे, की वस्ती माणसाच्या मापाची करायची?

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी आणि २० लाख लोकसंख्येचे उद्दिष्ट, असा तो संकल्प होता. एकच अजस्र शहर न उभारता लहान लहान उपनगरांची माळ ओवायची, प्रत्येकाला स्वतःचा बाजार, शाळा, दवाखाना द्यायचा, आणि मधल्या टेकड्या व खाजणे मोकळी ठेवायची, अशी ती कल्पना. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली उद्यान-नगराचा विचार मांडला, त्याच्याशी हिचे नाते आहे. परंतु भारतीयांना तो विचार अगदीच परका मानण्याचे कारण नाही. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यापूर्वी त्यांनी हिंदुस्थानातील अनेक शहरे पायी पालथी घातली आणि १९१८ साली इंदूरच्या नगररचनेचा मोठा अहवाल लिहिला. येथील मंदिरांभोवतीची वस्ती, तळी आणि घाट यांकडे घाण म्हणून न पाहता नगररचनेचे धडे म्हणून पाहणारा तो विरळा पाश्चात्य होता.

या संकल्पाचा कणा एकच होता: राज्यकारभार मुंबईतून येथे हलवायचा. मंत्रालय आले की कार्यालये येतील, कार्यालये आली की माणसे येतील. प्रत्यक्षात मंत्रालय हलले नाही. उलट खाडीपलीकडे नवे शहर आखले जात असतानाच नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून उत्तुंग इमारती उभ्या राहत होत्या. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल आले. सरकारनेच आपली निवड महानगराच्या बाजूने केली, आणि लोकांना मात्र खाडीपलीकडे जाण्याचा उपदेश केला.

मग आले कोण? आला तो दाणाबंदर आणि मशीद बंदर भागातील घाऊक बाजार, आणि बाजारामागोमाग आला पाठीवर पोती वाहणारा माथाडी. अण्णासाहेब पाटील हे सातारा जिल्ह्यातील पाटणकडचे. त्यांनी या विखुरलेल्या कष्टकऱ्यांना संघटित केले आणि त्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून मुंबईच्या गाळ्यांत, एकेका खोलीत वीस-पंचवीस जणांनी पाळीपाळीने झोपणारी ही माणसे. त्यांच्यापैकी कितीकांना स्वतःचे पहिले दार, स्वतःची पहिली चूल कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत मिळाली. गावाकडे राहिलेली पत्नी येथे आली, मुले येथे शिकली. कुटुंबव्यवस्थेविषयी सभांतून पुष्कळ बोलले जाते. परंतु खोलीत बायकामुलांना जागाच नसेल तर कुटुंब कोठे नांदणार? हे काम त्या इवल्याशा घरांनी केले, आणि नियोजित शहराच्या यशाचा हिशेब मांडताना ही नोंद सर्वांत वर असावयास हवी.

आज त्याच बैठ्या घरांवर दोन-तीन मजले चढले आहेत. भिंतीला भिंत, खिडकीसमोर खिडकी, आणि खाली दोन्ही बाजूंना वाहनांच्या रांगा, इतक्या की पाण्याचा टँकर वळवणेही अवघड. यात त्या कुटुंबांना दोष देणे सोपे आहे. दोन मुलांची लग्ने झाली, नातवंडे आली, आणि शहरात दुसरे घर घेण्याची ऐपत नाही. मग माणूस वरच बांधणार. नकाशात श्रीमंतांच्या सदनिकांना मोकळी जागा सोडली आणि श्रमिकांच्या वाट्याला चिंचोळे भूखंड दिले, तेव्हाच हे ठरून गेले होते. निसर्गाच्या सान्निध्यातील शहर सर्वांसाठी असेल तरच ते टिकते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे शहर मोकळ्या माळावर उभे राहिलेले नाही. येथे आगरी-कोळी समाजाची भातशेती होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार झाला आणि ५ शेतकऱ्यांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून आला. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याचे कौतुक करताना तो वारा ज्यांच्या शेतावरून वाहत होता त्यांचे स्मरण असावे.

आता प्रत्यक्ष निसर्गाकडे. कोपरखैरण्याच्या पूर्वेस पारसिकचा डोंगर आहे, पश्चिमेस ठाण्याची खाडी. या खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. सेक्टर १४ मधील निसर्ग उद्यान जेथे आहे तेथे पूर्वी कचराभूमी होती. आज तेथे सकाळी ज्येष्ठ नागरिक फिरतात. ही उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. फारसा कोणी पाहत नाही तो धारण तलाव.

वाशी-कोपरखैरण्याचा बराच भाग खाडीकाठच्या सखल, भरावाच्या जमिनीवर आहे. मोठ्या भरतीला खाडीचे पाणी वस्तीतील काही रस्त्यांहून उंच चढते. अशा वेळी मुसळधार पाऊस आला तर पाणी जाणार कोठे? समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेल्या हॉलंडच्या धर्तीवर सिडकोच्या अभियंत्यांनी येथे तलाव खोदले. नाल्यांचे पाणी आधी तलावात येते. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा आहेत. भरती आली की खाडीच्याच दाबाने झडप मिटते आणि पावसाचे पाणी तलावात साठत राहते. ओहोटी लागली की साठलेल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि पाणी खाडीत निघून जाते. या युक्तीला मुळात वीज लागत नाही, लागते ती फक्त तलावाची खोली. सृष्टीच्या लयीशी भांडण न करता तिच्याच बळाने काम करून घेणे, यालाच आपल्या परंपरेत शोषण न म्हणता दोहन म्हटले आहे.

आणि तीच खोली गेली. वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, गाळावर खारफुटी रुजली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश देऊन आणि २०१८ मध्ये अंतिम निर्णय देऊन खारफुटी तोडण्यास मनाई केली आहे. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते. तो निर्णय योग्यच आहे, कारण खारफुटी हाच किनाऱ्याचा तट आहे. परंतु परिणाम असा झाला की खारफुटी राखावी तर तलाव उथळ राहतो, आणि गाळ काढावा तर खारफुटीला हात लागतो. गाळ दरवर्षी थोडाथोडा काढला असता तर ही वेळच आली नसती. निसर्गाशी जुळवून घेणारे शहर एकदा बांधून भागत नाही. ते घरासारखे रोज झाडावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मिठी नदीचे पात्र आवळून टाकणाऱ्या महानगराचे काय झाले हे साऱ्या देशाने पाहिले आहे.

तरीही महानगराला शिव्या देऊन हा विषय संपत नाही. मुंबईने अनेकांना असे काही दिले जे त्यांच्या गावाने नाकारले होते. लोकलच्या डब्यात कोणी जात विचारून जागा देत नव्हते. ज्याला गावच्या पाणवठ्यावर मान नव्हता त्याला या गर्दीने माणूस म्हणून उभे केले. सामाजिक समरसतेचा विचार करणाऱ्या कार्यकर्त्याने ‘छोटे गाव म्हणजे सारे मंगल’ असे मानू नये. रुग्णालय, महाविद्यालय आणि सन्मानाचे काम जेथे नाही तेथे परत जाण्याचा सल्ला तरुणांना कोणत्या तोंडाने द्यावयाचा? नानाजी देशमुखांनी असा सल्ला दिला नाही. ते स्वतः गेले. मराठवाड्यातील कडोळीचा हा माणूस दिल्लीच्या राजकारणात शिखरावर असताना, वयाच्या साठीत, सत्तेचे राजकारण सोडून १९७८ साली गोंड्याला गेला, पुढे चित्रकूटला, आणि शाळा, शेती, आरोग्य यांची उभारणी करीत २०१० मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. साताऱ्याला, चिपळूणला, जव्हारला असे दहा-दहा जण जाऊन बसतील, तेव्हा आजोबांच्या म्हणण्याला नातवाकडे उत्तर उरणार नाही.

दरम्यान गर्दी स्वतःच सरकते आहे. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली, तर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. २००४ पासून ठाण्याची रेल्वे कोपरखैरण्याला थांबते, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. महानगर निवडावे की लहान शहर, हा विचार घरात चालू असतानाच महानगर दाराशी येऊन उभे राहिले आहे. त्यामुळे आज खरा प्रश्न जागेच्या पत्त्याचा कमी आणि राहण्याच्या रीतीचा अधिक आहे. सकाळी सहाला निघून रात्री नऊला परतणाऱ्याला पारसिकचा डोंगर काय आणि खाडी काय. त्याचे शहर म्हणजे झोपण्याची जागा.

किती कुटुंबांना आपला धारण तलाव कोठे आहे हे ठाऊक आहे? येथील गावठाणांतील जुन्या माणसांना भरतीची वेळ सांगण्यास घड्याळाचे कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती: चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास. घरोघर भिंतीवर पंचांग टांगलेले आहेच. रविवारच्या शाखेनंतर मुलांना घेऊन तलावापर्यंत चालत जावे, गावठाणातील एखाद्या आजोबांना सोबत बोलवावे, आणि झडप केव्हा मिटेल ते मुलांना तिथीवरून आधी सांगू द्यावे.