पहिली वही कोण उघडणार?

निगडी-आकुर्डीच्या महाविद्यालयांत शिकणारी पुष्कळ मुलं बीड-लातूरकडून येतात आणि कॉट बेसिसवर राहतात. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, जुन्या प्रश्नपत्रिका, चाकणच्या कारखान्यातली विद्यावेतन देणारी शिकाऊ उमेदवारी, यातलं बरंचसं त्यांना सूचनाफलकावरून नव्हे, शेजारच्या कॉटवरून कळतं.

पण शेजारी सांगेलच असं नाही. जागा थोड्या आणि उमेदवार फार असले, की जीभ जड होते. अशा वेळी मुलं उपदेश ऐकत नाहीत. बाकीचे काय करतात ते पाहतात. एकानं वही पुढे केली, की दुसऱ्याला आपली झाकायला लाज वाटते. एकानं झाकली, की सगळेच झाकतात.

झळ बसते ती कुठल्याच घोळक्यात नसलेल्यांना: रात्रपाळी करून शिकणाऱ्या मुलाला, तास संपताच घर गाठावं लागणाऱ्या मुलीला. अर्जाची तारीख सांगितल्यानं आपली शिष्यवृत्ती जात नाही. न सांगितल्यानं त्यांचं वर्ष मात्र जाऊ शकतं.

१८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागलेल्या सावित्रीबाईंचं नाव २०१४ पासून आपल्या विद्यापीठाला आहे. ते गुणपत्रिकेवर मिरवायचं, तर मित्रांनो, पहिली वही तुम्ही उघडा.