मोरचुदातलं पाणी

अणुवस्तुमानांकांची बेरीज म्हणजे रेणुवस्तुमान, आणि तेवढे ग्रॅम घेतले की एक मोल, हे तुम्हाला पाठ आहे. त्यात मी वेळ घालवत नाही. माझी तक्रार एका ठिपक्याबद्दल आहे. मोरचुदाच्या सूत्रात कॉपर सल्फेटनंतर ठिपका येतो आणि पुढे पाण्याचे पाच रेणू. मुलं ठिपक्यापाशीच थांबतात आणि उत्तर लिहितात १५९.५. अरे, पाण्याचे ९० कुठे गेले? २४९.५ हवेत!

दशांश मोल हवा म्हणून १५.९५ ग्रॅम निळे खडे तोललेत, तर प्रत्यक्षात ०.०६४ मोलच येतो. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तूट.

भुईमुगाच्या शेंगा घ्या. पोत्यात शेंगा किती, हे वजनावरून काढायचं, तर एका शेंगेचं टरफलासकट वजन धरून भागाल ना? नुसत्या दाण्यांच्या वजनानं भागलंत तर आकडा फुगेल. स्फटिकजल हे मोरचुदाचं टरफल. इथे टिळकांचं उदाहरण देऊ नका, ही टरफलं आपल्यालाच उचलायची आहेत! मोरचूद तापवला की पाणी उडतं, १०० ग्रॅमची ६४ ग्रॅम पांढरी भुकटी उरते. ती सोललेली शेंग. तिला खुशाल १५९.५ नं भागा.

शेकडा प्रमाणातही तेच. नाशिककडचे द्राक्षबागायतदार एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद घेतात. त्यात तांबं किती? ६३.५ भागिले २४९.५, म्हणजे किलोत साधारण २५५ ग्रॅम. ठिपका विसरलात की उत्तर चारशेच्या घरात. बागायतदाराचं काही बिघडत नाही, कारण त्याचं प्रमाण मुळात निळ्या खड्यांचंच आहे. बिघडतं ते तुमचं.

पुन्हा सांगतो, बाटलीत जे आहे त्याचंच रेणुवस्तुमान घ्या.

धुण्याच्या सोड्याची गंमत वेगळीच. पाण्याचे दहा रेणू, २८६ मध्ये १८० नुसतं पाणी. त्यातून बरणी उघडी राहिली की हे पाणी आपोआप उडू लागतं, मग धड २८६ही नाही आणि १०६ही नाही. अशा सोड्याला कशानं भागायचं? आधी अनुमापन करून... पण ते सांगायला वेळ उरलेला नाही. तुरटी तेवढी घरी करा. पोटॅशियमची नेहमीची तुरटी, पाण्याचे बारा रेणू, एकूण ४७४. पाणी ४५.६ टक्के यायला हवं.