लाइप्झिगच्या नगरसभेपुढील एक अर्ज

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात साधारणपणे १६०० ते १७५० या दीडशे वर्षांच्या कालखंडाला ‘बारोक’ असे नाव आहे. वेड्यावाकड्या आकाराच्या मोत्यासाठी पोर्तुगीज भाषेत जो शब्द होता, त्यावरून ते आले असे सामान्यतः मानतात. प्रथम ते हिणवण्यासाठीच वापरले गेले. पुढे हेटाळणी विसरली गेली आणि नाव तेवढे उरले.

या संगीताचा उगम इटलीतला. शब्दांतील भाव ऐकणाऱ्याच्या अंतःकरणाला भिडला पाहिजे, असा फ्लॉरेन्समधील रसिकांचा आग्रह होता. त्यातून एकट्या गायकाच्या आवाजाला प्राधान्य मिळाले व ऑपेरा जन्मास आला. १६०७ साली मांटुआच्या दरबारात माँटेव्हर्दीचा ‘ऑर्फेओ’ सादर झाला. गायकाला आधार असे तो खर्जातील एका अखंड स्वरपंक्तीचा. तिच्यासोबत केवळ आकडे लिहिलेले असत, आणि त्यांवरून हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणाऱ्याने वरचे स्वरसमूह त्या क्षणी स्वतः रचायचे. पाश्चात्त्य संगीत म्हणजे सारे कागदावर बांधलेले, अशी आपली समजूत असते. बारोक वादकाच्या बाबतीत ती खरी नाही.

या युगाचे शिखर म्हणजे योहान सेबास्टियन बाख. त्याच्या रचनेत अनेक सुरावटी एकाच वेळी चालतात. चार माणसांनी एकदम बोलावे आणि तरीही प्रत्येकाचे म्हणणे स्पष्ट कळावे, तसे ते ऐकताना वाटते. पण आज मला सांगायचे आहे ते बाखच्या नोकरीविषयी. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे त्या प्रकरणात माझे मन अधिक गुंतते.

१७२३ साली बाख लाइप्झिगच्या सेंट टॉमस शाळेत संगीतप्रमुख झाला. नगरसभेला प्रथम टेलेमान हवा होता, नंतर ग्राउप्नर. दोघेही मिळेनात, तेव्हा बाखची नेमणूक झाली. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो जवळजवळ दर आठवड्यास एक नवा कँटाटा रची, मुलांकडून बसवून घेई आणि रविवारी चर्चमध्ये सादर करी.

ऑगस्ट १७३० मध्ये नगरसभेत तक्रार निघाली की, हा मनुष्य काही काम करीत नाही. त्याच महिन्याच्या २३ तारखेस बाखने सभेला एक निवेदन दिले. त्यात विनवणी नाही, हिशेब आहे. चर्चसंगीतास किमान बारा गायक लागतात, सोळा असतील तर उत्तम. वादक अठरा तरी हवेत, नगराच्या पगारी वादकांची संख्या मात्र आठ. विद्यार्थ्यांपैकी सतरा उपयोगी, वीस अजून तयार व्हायचे, सतरा निरुपयोगी. दोन महिन्यांनी त्याने डान्झिगमधील एका जुन्या मित्रास पत्र लिहून दुसरी नोकरी पाहण्यास विनवले. शहराची हवा चांगली असली की अंत्यविधी कमी होतात आणि आपले उत्पन्न घटते, असेही त्यात आहे! दुसरी नोकरी मिळाली नाही. तो मरेपर्यंत तेथेच राहिला.

२८ जुलै १७५० रोजी बाख वारला. त्याची पत्नी आना माग्दालेना १७६० साली धर्मादायावर जगत असताना गेली. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चे पुनरुज्जीवन वीस वर्षांच्या मेंडेल्सझोनने बर्लिनमध्ये केले, ते ११ मार्च १८२९ रोजी, म्हणजे रचनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी.

नगरसभेचे ते सभासद दुष्ट नव्हते. त्यांना शाळा चालवायची होती, लॅटिन शिकवणारा शिक्षक हवा होता, खर्चाला मर्यादा होती. बाखने लॅटिनचे तास पदरचे पैसे देऊन दुसऱ्याकडे सोपवले होते, हे त्यांना रुचले नसेल, तर त्यात नवल नाही. त्यांच्या नियमांनुसार ते बरोबरच होते. म्हणूनच ही हकीकत वाचताना मला बाखच्या जागी मी दिसत नाही, टेबलापलीकडे बसलेल्या त्या सभासदांत दिसतो. माझ्यापुढे रोज कागद येतात. त्यांतील एखाद्या रूक्ष आकडेवारीमागे कोणी असे काही रचीत असेल काय, हे मला कसे कळावे? कळणार नाही, हे मी जाणतो. परंतु कागद बाजूस सारण्यापूर्वी तो एकदा पुरता वाचावा, एवढे तरी त्या सभेने मला शिकवले आहे.