धाब्यावरची माती



2024 मध्ये 10 जुलैला सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता. कुणीतरी मला विचारलं, "तू इंजिनीयर ना, आपल्याकडं झाला तर काय होईल?" तेव्हा उत्तर टाळलं. आज देतो.

30 सप्टेंबर 1993. आपण दहावीत होतो. आदल्या रात्री विसर्जन आटोपून मेहकरच्या घरी मी उशिरा झोपलो. पहाटे चारच्या सुमारास फळीवरची पितळी भांडी किणकिणली, खाट हलली आणि तोंडावर बारीक माती पडली. बाबा झोपेतच म्हणाले, "मांजर असन." आजी उठून बसली होती. "मांजर नाही, घर हालून राह्यलं. कोयनेच्या वक्ताला असंच झालतं."

उजाडेपर्यंत आम्ही अंगणात बसलो. घराला तडाही गेला नव्हता. मग आकाशवाणीवर किल्लारीचं नाव ऐकलं. आपल्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. पुढे मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला.

भूगोलाच्या सरांनी आपल्याला दख्खनचं पठार स्थिर आहे असं शिकवलं होतं. त्या दिवशी वर्गात आल्यावर ते म्हणाले, "पोरांनो, ती ओळ खोडा." शिक्षकाने असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. खरं तर सरांचा दोष नव्हता. तेव्हाच्या सरकारी नकाशातही किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती.

पण मला झोप लागेना ती पेपरातल्या फोटोंमुळे. ती पडलेली घरं आमच्यासारखीच होती. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर सागाची लाकडं आणि त्यावर माती. पावसाळ्याआधी दरवर्षी धाब्यावर नवी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही. छप्पर असं वर्षागणिक जड होत जातं. भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड नसले, की हादऱ्याने ती पोटातून फुटते आणि वरचा सगळा भार झोपलेल्या माणसांवर येतो.

हे शास्त्र मी नंतर शिकलो. बाबा चौथी शिकलेले; त्यांना ते फोटो पाहूनच कळलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी धाब्यावरची माती उतरवली. बैलगाडीच्या एकतीस खेपा झाल्या. गल्ली हसली. पत्रे चढले, तशी आजी दोन महिने बाबांशी बोलली नाही. "माह्या घराचा गारवा नेला," एवढंच म्हणायची. तिचंही खोटं नव्हतं. मे महिन्यात पत्र्याखाली बसून पाहा.

भार गेला, भिंती मात्र त्याच राहिल्या. मी घाबरवत नाही. पण गावोगाव त्याच जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब पडताना दिसतो. म्हणजे बाबांनी उतरवलेलं ओझं आपण पुन्हा चढवतो आहोत. आमच्याच घरी धाकट्याने स्लॅबची तयारी केली होती. दिवाळीत आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. शेवटी ठरलं, आधी भिंती उतरवायच्या, मग कॉलम उभे करायचे. एवढा दगड ठेवायला अंगण पुरणार नाही. मेहकरात कुणाचा प्लॉट रिकामा असेल, तर जेवणाच्या वेळी मला गाठा.