उजेडाची किंमत कोणी मोजायची?



गिरगावात वा लालबागेत वीज गेली की ‘कधी येणार?’ असे सारेच विचारतात. ती आणण्यासाठी खड्ड्यात कोण उतरले आहे, हे कोणी विचारत नाही. 7 ऑगस्ट 1947 रोजी ‘बेस्ट’ महापालिकेच्या मालकीची झाली. त्या दिवसापासून हा प्रश्न नागरिकांचाही झाला.

बेट-मुंबईचे वीजजाळे मुख्यत्वे भूमिगत आहे. खांबावरची तार निदान दिसते. खड्ड्यात शेजारी-शेजारी पडलेल्या केबलींपैकी जिवंत कोणती, हे नजरेला कळत नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे : सर्व बाजूंनी पुरवठा तोडणे, स्विचला कुलूप व फलक, दाब नसल्याची चाचणी, अर्थिंग, आणि मगच लेखी परमिट. पुरवठा तोडल्यावरही उच्चदाब केबलीत विद्युत्‌भार साठून राहतो. तार हाताळण्यापूर्वी तो काढून टाकण्याचे बंधन 1956 च्या भारतीय वीज नियमांतही होते. ज्ञानाची उणीव कधीच नव्हती.

उणीव आहे ती हिशेबाची. या क्रमाला वेळ लागतो आणि वेळेला पैसा पडतो. काम कंत्राटदाराकडे गेले की वाचलेला वेळ त्याच्या नफ्यात जमा होतो, जोखीम मात्र मजुराच्या अंगावर पडते. उद्याच्या रोजगाराची शाश्वती नसलेला माणूस ‘परमिट दाखवा’ असे कोणत्या बळावर म्हणणार?

तेव्हा केवळ हातमोजे व शिरस्त्राणे मागून भागणार नाही. कायम नोकरी, आणि नकार देणाऱ्याच्या पाठीशी उभी राहणारी संघटना, ही पहिली सुरक्षा-साधने होत. नागरिकांनीही अर्धा तास अधिक अंधार सोसावा. त्या अर्ध्या तासावर कुणाचा तरी संसार उभा असतो.