‘पचवण्या’चा भ्रम

(व्यसनमुक्ती दिनानिमित्त बिदर-कलबुरगी सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



१ ऑगस्ट हा दिवस कर्नाटकात इळकलचे डॉ. महांत शिवयोगी यांच्या जयंतीनिमित्त व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळला जातो. खांद्याला झोळी अडकवून ते गावोगाव हिंडले, आणि त्या झोळीत त्यांनी लोकांची व्यसने भिक्षा म्हणून मागितली. आजही येथे काहीजण शपथ घेणार आहेत. त्यांच्या निश्चयाचे मी स्वागत करतो. पण शपथेपूर्वी शरीराची बाजू ऐकून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी व कन्नड एकाच ओसरीवर नांदतात. दोन्ही भाषांत एक समज मात्र सारखाच आढळतो. ‘अमक्याला कितीही द्या, चढत नाही, तो पचवतो,’ असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. हे पचवणे म्हणजे नेमके काय, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम साधा हिशेब पाहू. १८० मिलिलिटर व्हिस्कीत, म्हणजे ज्याला आपण ‘क्वार्टर’ म्हणतो त्यात, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. नव्वदच्या पाकिटात त्याच्या निम्मा. सर्वसाधारण माणसाचे यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. म्हणजे एका क्वार्टरचा निचरा होण्यास सुमारे ६ ते साडेआठ तास लागतात. लिंबू, ताक किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री दहाला दोन क्वार्टर घेणारा मनुष्य सकाळी ट्रॅक्टरवर बसतो तेव्हा त्याच्या रक्तात मद्य शिल्लक असते, मग तो स्वतःला कितीही शुद्धीवर समजो. कायद्याने वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती याच कारणाने.

आता सवयीचे पाहू. मद्य मेंदूला मंद करते. रोज मद्य येऊ लागले की मेंदू तोल सांभाळण्यासाठी आपली उत्तेजना वाढवतो. यकृतही निचऱ्याचा वेग थोडा वाढवते. परिणामी पूर्वी जेवढ्यात झिंग येई, तेवढ्यात ती येत नाही व प्रमाण वाढत जाते. यालाच लोक ‘पचवणे’ म्हणतात. परंतु सरावते ते फक्त मेंदूचे भान. यकृत, स्वादुपिंड, हृदय व अन्ननलिका यांना असे संरक्षण मिळत नाही. उलट वाढलेल्या प्रमाणाचा सारा भार त्यांच्यावरच पडतो. राखणीचे कुत्रे रोजच्या चोराला सरावून भुंकायचे थांबले, म्हणून घरातील चोरी थांबत नाही.

पिण्याच्या रीतीप्रमाणे हानीचे स्वरूप बदलते. रोज पिणाऱ्याच्या यकृतात प्रथम चरबी साठते, मग सूज येते आणि पुढे यकृत निबर होते. केवळ बाजाराच्या वा जत्रेच्या दिवशी पोटभर पिणारा स्वतःला व्यसनी मानत नाही. परंतु अपघात, मारामारी, हृदयाचे ठोके बिघडणे, उपाशीपोटी रक्तातील साखर उतरणे, बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाणे हे धोके त्याला अधिक. श्रावण पाळणाऱ्याची गोष्ट निराळी. महिनाभरात शरीराचा सराव उतरतो. श्रावण संपताच त्याने पूर्वीचेच प्रमाण घेतले, तर तेच जिवावर बेतू शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तितक्याच मद्याचा परिणाम त्यांच्यावर अधिक होतो.

वर्षानुवर्षे ‘पचवणारा’ एखादा मनुष्य अचानक म्हणू लागतो, ‘हल्ली थोड्यातच चढते.’ घरच्यांना वाटते, बरे झाले, पिणे कमी झाले. वस्तुतः यकृत थकल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी तपासणीस विलंब करू नये.

कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायीवर बंदी आली. पेय बदलले, परंतु मद्यार्क तोच राहिला आणि शरीराचा हिशेबही तोच राहिला. शेजारच्या तेलंगणात तर शिंदीमध्ये क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलाम अशी गुंगीची द्रव्ये मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. तेथे पिणाऱ्याला सवय कशाची लागली, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

आता शपथ घेणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जो अनेक वर्षे रोज भरपूर पितो, त्याने दारू एकाएकी तोडली तर मेंदूतील वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होणे, नसलेली माणसे दिसणे, ताप चढणे असे प्रकार घडतात, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. याला बाहेरची बाधा समजून रोग्यास अंगाऱ्या-धुपाऱ्यात अडकवू नये. ‘दारू सोडली म्हणून मेला’ असा चुकीचा धडाही गावाने घेऊ नये. सोडणे योग्यच आहे. मात्र ते वैद्यकीय देखरेखीखाली व्हावे. औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व वेळीच मिळाल्यास हा काळ सुखरूप पार पडतो. बिदर व कलबुरगी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनाशुल्क मार्गदर्शन मिळते.

शिक्षकांनी वर्गात क्वार्टरचा हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. ग्रामपंचायतीने शपथ घेणाऱ्यांची केवळ नावे न नोंदवता, त्यांना दवाखान्यापर्यंत नेण्यास सोबत कोण जाणार, हेही ठरवावे.

याच कल्याणभूमीत बाराव्या शतकात हेंडद मारय्या नावाचे शरण होऊन गेले. त्यांचा व्यवसाय शिंदी विकण्याचा, तरीही वचनकारांत त्यांना मानाचे स्थान मिळाले. शरणांनी मनुष्याला त्याच्या कालच्या जीवनावरून दूर लोटले नाही. आपणही पिणाऱ्याला दूर लोटू नये, आणि ‘पचवतो’ म्हणून त्याचे कौतुकही करू नये. त्याचा हात धरून त्याला दवाखान्यात न्यावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.